पळालेला पेशंट जातो कुठे?

बांबोळीला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: ‘खुनाच्या गुन्ह्यातले मनोरुग्ण आरोपी इस्पितळातून पळाल्याच्या बातम्या अधूनमधून वाचते. एवढ्या कुलपांतून ते निसटतात कसे? त्यांना सरळ कोलवाळच्या तुरुंगात का ठेवत नाहीत? आमचं घर मनोरुग्णालयापासून जवळ आहे. रात्री कुत्री भुंकली तरी माझी झोप उडते.’

ताई, मी डॉक्टर नव्हे, ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. बेंगळुरूला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत मनोरुग्ण परिचर्येचा डिप्लोमा केला आणि पुढची २७ वर्षं गोव्याबाहेर सरकारी मनोरुग्णालयांत नोकरी केली. त्यातली ११ वर्षं कोर्टाकडून आलेल्या पेशंटांच्या वॉर्डात गेली. आता निवृत्त होऊन डिचोलीला असतो. बांबोळीला मी कधी नोकरी केली नाही, त्यामुळे तिथल्या कारभाराबद्दल बोलत नाही. बाकीचं जे सांगतो ते वॉर्डाच्या दारात उभं राहून पाहिलेलं आहे.

आधी निसटण्याचं. चादरींचा दोर करून भिंतीवरून उतरलेला पेशंट मी तरी पाहिला नाही. माझ्या वेळी जे गेले ते दारातून गेले. जेवणाची ट्रॉली आत घेताना दार दोन-तीन मिनिटं उघडं राहतं. ड्यूटी बदलताना किल्ल्यांचा जुडगा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो आणि मोजणी नक्की कुणी करायची, याबद्दल दोघेही एकमेकांवर विसंबतात. मोजणी म्हणजे डोकी मोजणं, एवढंच. पण पांघरुणाखाली माणूस आहे की उशी, हे पहाटे पाच वाजता कळणार कसं? पांघरूण ओढलं तर झोपलेला खवळून उठतो. नव्या ब्रदरांना मी सांगायचो, पांघरुणाला हात लावू नका, पायाचा अंगठा धरा. गरम लागला की पुढच्या खाटेकडे जा.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं. ऑगस्ट २०२२मध्ये केरळात कोळिकोडच्या कुथिरवट्टम मानसिक आरोग्य केंद्रातून खुनाचा आरोप असलेला एक कच्चा कैदी निसटला. त्या रात्री दुसऱ्याच कुणा पेशंटच्या बोटात अंगठी रुतली होती आणि ती कापायला अग्निशमन दलाची माणसं आली होती. सगळ्यांचे डोळे त्या बोटाकडे, आणि हा दारातून बाहेर. पुढे कर्नाटकात धर्मस्थळला सापडला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वेस्टर्न स्टेट हॉस्पिटलमधून एप्रिल २०१६मध्ये दोघे खिडकीतून गेले. खिडकीचे बोल्ट आधीच सैल करून ठेवलेले होते. हे काही एका रात्रीचं काम नव्हे. रोजच्या फेरीत कुणी ती चौकट नुसती हलवून पाहिली असती तरी भांडं फुटलं असतं. हवाईतल्या रँडल साइतोची गोष्ट तर ऐकणाऱ्याला खोटी वाटेल. नोव्हेंबर २०१७मध्ये तो इस्पितळातून चालत बाहेर पडला, टॅक्सी केली, खास भाड्याने घेतलेल्या विमानाने माउई बेटावर गेला आणि तिथून दुसऱ्या विमानाने कॅलिफोर्नियाला. पोलिसांना खबर मिळाली तेव्हा पठ्ठ्या बेटं सोडून गेलेला होता. तीन दिवसांनी स्टॉकटनला पकडला गेला. पळाला ही एक चूक झाली, पण कळवायला लागलेले तास ही त्याहून मोठी चूक. आणि ती सगळीकडे होते, कारण ‘आधी आवारात नीट शोधू, मग कळवू’ असं प्रत्येक इन-चार्जला वाटतं. मलाही वाटलेलं आहे.

पण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त माणसं गेली ती इस्पितळाच्या बाहेर असताना. कोर्टाची तारीख, दाढ काढायची, एक्स-रे काढायचा. आत कुलपं असतात, ओळखीचे चेहरे असतात. बाहेर दोन शिपाई, एक गाडी आणि गर्दी.

माझ्या वॉर्डातला एक पेशंट असाच गेला. चाळिशीचा, घाटाखालचा शेतकरी. सख्ख्या चुलत्याने आपल्यावर करणी केली, तो रात्री विहिरीत काहीतरी टाकतो, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. घरच्यांनी देवाला कौल लावला, भगत केले, नारळ उतरवले. दोन वर्षं त्यातच गेली. शेवटी एका सकाळी त्याने चुलत्यावर कोयता चालवला. आमच्याकडे आला तेव्हा खटला समजण्याच्या स्थितीत नव्हता. तीन वर्षांच्या उपचारांनी निवळला. वॉर्डातली तुळस तोच सांभाळायचा.

जून संपत आला होता. हर्नियासाठी त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. एक्स-रेच्या खोलीत बेडी चालत नाही, म्हणून काढली. एक शिपाई केसपेपरच्या रांगेत होता आणि दुसऱ्याला तंत्रज्ञाने खोलीबाहेर थांबायला सांगितलं. त्या खोलीला पलीकडून दुसरं दार होतं. पंधरा मिनिटांनी तंत्रज्ञच बाहेर येऊन विचारतो, ‘तुमचा माणूस कुठे?’

शिपायांवर कारवाई झाली. पण ताई, त्यात माझाही वाटा होता. आधीचे दोन दिवस तो सारखा विचारत होता, ‘ब्रदर, आमच्याकडे पाऊस लागला असेल ना?’ मी हो म्हणालो आणि पुढच्या कामाला लागलो. त्याच्यासोबत पाठवलेल्या कागदावर मी लिहिलं: ‘शांत. सहकार्य करतो. हर्निया, एक्स-रे.’ पावसाचं लिहिलं नाही. शेतकरी माणूस जूनअखेर पाऊस विचारतो म्हणजे काय विचारतो, हे सत्तरी तालुक्यात वाढलेल्या मला कळायला हवं होतं. तो कुठे गेला ते पुढे येईलच.

आता तुरुंगाचं. हा प्रश्न पोलिसही मला विचारायचे, तोही जरा चिडून. ‘मनोरुग्णालयातला गुन्हेगार’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन निरनिराळी माणसं असतात. पहिला कच्चा कैदी, ज्याला खटला काय चाललाय हेच समजत नाही. वकिलाशी बोलू न शकणाऱ्यावर खटला चालवता येत नाही, म्हणून तो थांबवून माणसाला उपचाराला पाठवतात. दुसरा ज्याच्या हातून कृत्य घडलं हे कोर्टाला पटलं, पण त्या क्षणी आपण काय करतोय किंवा ते चुकीचं आहे हे त्याला आजारामुळे कळत नव्हतं. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम ८४, आता १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२. आणि तिसरा साधा पक्का कैदी, जो शिक्षा भोगताना आजारी पडला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०३ अशा कैद्यांबद्दल आहे. राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय हवी, असंही तेच कलम सांगतं.

यातल्या दुसऱ्याबद्दल लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज आहे: ‘वेडाचं सोंग घेतलं आणि सुटला.’ सोंग घेणारे येतात, नाही असं नाही. पण चोवीस तास, आठवडेच्या आठवडे सोंग टिकवणं महाकठीण. डॉक्टरांसमोर भिंतीशी बोलणारा रात्री दोनला डास मारताना अगदी शहाण्यासारखा मारतो, आणि ते आम्ही लिहून ठेवतो. आणि ‘सुटला’ म्हणजे घरी गेला असंही नव्हे. या कलमाचं मूळ जिथे आहे तो लंडनचा डॅनियल मॅक्नॉटन, पंतप्रधान रॉबर्ट पील यांना मारायला निघाला आणि १८४३मध्ये गोळी घातली त्यांच्या सचिवाला, एडवर्ड ड्रमंडला. निर्दोष ठरला. मग वीस वर्षं बेथलेम इस्पितळात, तिथून ब्रॉडमूरला, म्हणजे गुन्ह्यातल्या मनोरुग्णांच्या इस्पितळात, आणि १८६५मध्ये तिथेच मेला. निर्दोष सुटलेल्याचा हा प्रवास. आपल्याकडे निर्दोष ठरवल्यावरही कोर्ट अशा माणसाला सुरक्षित ताब्यात ठेवायला सांगू शकतं किंवा हमी घेऊन नातेवाइकांकडे देऊ शकतं. नातेवाईक पुढे येत नाहीत, ही वेगळी कथा.

आसामच्या माचांग लालुंगचं नाव मी प्रत्येक नव्या ब्रदरला सांगायचो. १९५१मध्ये, तेविसाव्या वर्षी पकडला. तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवला. १९६७मध्ये डॉक्टरांनी बरा असल्याचं लिहून दिलं, तर घरी न पाठवता त्याला गुवाहाटीच्या तुरुंगात नेलं. खटला चाललाच नाही. सुटला २००५मध्ये, म्हणजे ५४ वर्षांनी. पळालेल्यांची बातमी होते. लालुंग पळाला नाही, म्हणून इतकी वर्षं त्याची आठवणही कुणाला झाली नाही.

तुम्हाला खरी काळजी धोक्याची आहे, तिकडे येतो. असं कधी होतच नाही, असं मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल १९५२मध्ये जॉन स्ट्रॅफन ब्रॉडमूरच्या आवारातल्या शेडच्या छपरावरून भिंतीपलीकडे गेला. काही तासांतच पकडला गेला, पण तेवढ्यात सायकल चालवणाऱ्या पाच वर्षांच्या एका मुलीचा त्याने जीव घेतला होता. त्यानंतर तिथे भोंगे बसवले आणि पुढे कित्येक वर्षं दर सोमवारी सकाळी दहा वाजता ते वाजवून पाहत. आसपासच्या गावांतली मुलं त्या आवाजात मोठी झाली. स्ट्रॅफनने आधीही दोन मुलींना मारलं होतं, अनोळखी मुलींना. असा माणूस विरळा, आणि त्याला बाहेरच्या कामाला लावायचं की नाही हा निर्णय वेगळ्या कसोटीवर घ्यायचा असतो.

आपल्याकडे ही भीती रमण राघवने घातली. मुंबईत त्याने रस्त्यावर झोपलेल्यांना मारलं, १९६८मध्ये पकडला गेला, १९८७मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, १९९५मध्ये पुण्यात ससूनमध्ये वारला. पण लक्षात घ्या, त्याचा स्किझोफ्रेनिया ओळखला गेला तो पकडल्यावर. खून झाले ते उपचारांआधी. आमच्या वॉर्डातही बहुतेकांचा गुन्हा असाच होता: आजार सुरू झालेला, घरात सगळ्यांना दिसणारा, आणि औषधाचा एक थेंबही पोटात न गेलेला. एकूण हिंसेत अशा आजाऱ्यांचा वाटा थोडाच असतो. स्वीडनमध्ये सगळ्या देशाच्या नोंदी धुंडाळून काढलेला आकडा हिंसक गुन्ह्यांच्या सुमारे ५ टक्के इतका आहे. उरलेल्यात तुमच्याआमच्यासारखी ठणठणीत डोक्याची माणसं.

म्हणून पळालेला पेशंट पहिल्या रात्री साधारण तसाच असतो जसा आदल्या दिवशी वॉर्डात होता. महिन्याचं इंजेक्शन चालू असेल तर तो आणखी काही काळ सुरक्षित. गोळ्यांवर असेल तर काही दिवसांत, काही आठवड्यांत घडी विस्कटायला लागते. झोप जाते, मग संशय परततो. त्यात दारू पडली की सगळंच बिघडतं. मार्च-एप्रिलमध्ये पळालेल्याची मला जास्त धास्ती वाटायची, कारण तेव्हा घरोघरी हुर्राक, काजूची दारू, असते आणि ‘घे रे, इतक्या वर्षांनी आलास’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर असा कुणी दिसला, वागणं विचित्र वाटलं, तर ११२ला फोन करा. अंतर ठेवा, वाट अडवू नका, काठ्या घेऊन पोरं गोळा करू नका. घाबरलेल्या माणसाला घेरलं की तो मारतो, मग तो मनोरुग्ण असो वा नसो. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. पेशंटचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना द्यायला कायद्यानेच मनाई आहे, आणि अशा फोटोवरून भलताच कुणी भिकारी मार खातो. पळालेल्याला परत आणण्याची तरतूदही २०१७च्या त्याच कायद्यात आहे. कलम ९२नुसार इस्पितळाने सांगितलं की पोलीस त्याला संरक्षणात घेऊन परत पोचवतात. त्यात ‘अटक’ हा शब्द नाही, आणि तो मुद्दाम नाही. आणि तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी आजार आताच सुरू झालेला दिसत असेल, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन फुकट आहे. तो फोन आमच्या सगळ्या कुलपांपेक्षा जास्त खून टाळू शकतो.

कुलपं वाढवा, साखळ्या घाला, असं प्रत्येक घटनेनंतर कुणीतरी म्हणतं. ६ ऑगस्ट २००१ला तामिळनाडूत एरवाडीला एका खासगी आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. आता साखळदंडावर आणि एकट्याला कोंडून ठेवण्यावर कायद्याने बंदी आहे. बांधून ठेवणं हेही धोका डोक्यावर आला असेल आणि दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. माणसं कमी आहेत म्हणून तर मुळीच नाही. हे शेवटचं कायद्यातच लिहिलेलं आहे. वाचून आम्ही हसलो होतो, कारण माणसं कायम कमीच असायची.

साखळीवाचून पेशंट थांबतो तो आपल्या ओळखीने. कुणाचं पत्र आलं नाही, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलं, कुणाला तारखेला वकील भेटला नाही, हे ज्या ब्रदरला ठाऊक असतं त्याच्या वॉर्डातून कमी माणसं जातात. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस मी कधी रजा घेतली नाही. त्या दिवसांत एरवी गप्प असणारा माणूससुद्धा दाराजवळची खाट मागतो. मग आम्ही वॉर्डातच मातीचा गणपती करायला घ्यायचो. जायचे ते जातच, पण दोन-तीन जण मूर्तीचे डोळे रंगवायचे राहिलेत म्हणून थांबलेले मी पाहिलेत.

तर तो शेतकरी. तीन दिवसांनी वॉर्डातला फोन वाजला. त्याचा भाऊ होता. पोलिसांना न करता त्याने आम्हाला केला, कारण महिन्यातून एकदा तो भेटायला यायचा आणि नंबर त्याच्याकडे होता. पोलिसांबरोबर मीही गेलो. हा ओसरीवर बसून पेज जेवत होता. पायाला सुकलेला चिखल. मला पाहून म्हणाला, ‘ब्रदर, लावणी आली ना.’ शेवटचा घास संपवला, वाटी विसळली, गाडीत बसला. बेडी घालायची वेळ आली नाही. गोळ्यांचा तीन दिवसांचा खाडा पडला होता, तो भरून काढायला महिना गेला.

निघताना शेजारच्या घराकडे लक्ष गेलं. दार बंद, पुढची पडवी झाडलेली नाही, तुळशीला पाणी नाही. ते चुलत्याचं घर. त्याची बायको एकटी राहायची. तिन्हीसांजेला हा बांधावरून येताना तिला दिसला होता, तेव्हापासून तिने कडी काढली नव्हती. तीन दिवस. तो पळाला हे आम्हाला ठाऊक होतं, पोलिसांना होतं, दोन ठाण्यांना बिनतारी संदेश गेला होता. तिला कुणीही सांगितलं नव्हतं. मी खिडकीशी गेलो. आत अंधारात ती दिसली नाही, आवाज तेवढा आला. ‘परत कधी सोडलात तर मला आधी कळवा. मी माहेरी जाऊन राहीन.’

परतल्यावर मी वरिष्ठांना विचारलं तर उत्तर आलं, पेशंटची माहिती गोपनीय असते. ते दिवस जुन्या कायद्याचे होते. आताच्या कायद्यात कलम २३ गोपनीयता सांगतं आणि त्याच कलमात सूटही देतं: दुसऱ्या कुणाला इजा होऊ नये म्हणून जरूर तेवढी माहिती देता येते. कलम कितीदा वापरलं जातं, ते विचारू नका.

मी माझ्यापुरतं एक केलं. वॉर्डच्या वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक पेशंटच्या नावापुढे एक फोन नंबर लिहायला लागलो. तो त्याच्या घरचा नव्हे, तर ज्याच्या घरात त्याने मरण नेलं त्या घरचा, नाहीतर शेजारच्या किराणा दुकानाचा. निवृत्तीच्या दिवशी नव्या इन-चार्जला वही दिली. त्याने पान उलटून विचारलं, हा कुठल्या फॉर्मचा रकाना? म्हटलं, कुठल्याच नाही, पण पुसू नकोस.